रमचा शिधा

खलाशांचे मद्यपान हा त्यांच्या स्वभावाचा दोष होय, असे त्यांचे अधिकारी म्हणत. ब्रिटिश आरमारापुरते तरी हे म्हणणे अपुरे आहे. कारण तेथे दारूचे वाटप सरकारच करीत असे. लांबच्या सफरीत पिंपांतील पाण्याला शेवाळ धरे, बिअरही आंबून जाई. १६५५ साली इंग्रजांनी जमैका जिंकले आणि उसाच्या मळीपासून काढलेली, न नासणारी रम जहाजांवर आली. १७३१च्या नियमांनी गॅलनभर बिअरऐवजी दर माणशी रोज अर्धा पिंट, म्हणजे सुमारे २८४ मिलिलिटर रम देण्याची मुभा दिली. पूर्वेकडील समुद्रांत तिची जागा कित्येकदा आपल्या परिचयाचा अरक घेई.

एवढी रम खलाशी एका दमात रिचवीत. मग नशेबद्दल त्यांच्याच पाठीवर चाबूक उडे. ज्या व्यवस्थेने पेला भरला, तिला या शिक्षेत काही विसंगत वाटले नाही! १७४० च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅडमिरल व्हर्नन यांनी निराळा उपाय योजला. अर्ध्या पिंटात चौपट पाणी घालावे, हे मिश्रण डेकवर अधिकाऱ्यासमक्ष करावे आणि दिवसातून दोन वेळा वाटावे, असा त्यांचा हुकूम होता. ग्रोग्रम नावाच्या जाड कापडाचा झगा ते वापरीत. त्यावरून त्या पेयाला ‘ग्रॉग’ हे नाव पडले असे सांगतात. पाणी मिसळलेली रम फार दिवस टिकत नसे, त्यामुळे ती साठविण्यालाही आळा बसला.

तरीही शिधा हे केवळ पेय राहिले नव्हते. देणे फेडावयाचे, उपकाराची परतफेड करावयाची, तर आपल्या वाट्यातील घोट द्यावयाचा, अशी रीत पडली. म्हणूनच तो कमी करणे सोपे नव्हते. १८२४ मध्ये तो निम्मा झाला, १८५०–५१ मध्ये पुन्हा निम्मा. अधिकाऱ्यांचा शिधा १८८१ मध्ये बंद झाला. साध्या खलाशांचा मात्र पुढे जवळजवळ नव्वद वर्षे चालू राहिला. न पिणाऱ्यास त्याबदली रोज तीन पेन्स मिळत. प्रलोभन म्हणून ही रक्कम क्षुल्लकच होती.

आधुनिक जहाजांवरील गुंतागुंतीची यंत्रे आणि दुपारची रम यांचा मेळ बसत नाही, या कारणास्तव १९६९ च्या अखेरीस शिधा बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. जानेवारी १९७० मध्ये ब्रिटिश संसदेत त्यावर वाद झाला. ३१ जुलै १९७० रोजी शेवटचा पेला वाटण्यात आला, तेव्हा काही खलाशांनी दंडावर काळ्या फिती बांधल्या होत्या. एका प्रशिक्षण केंद्रात तर शवपेटीची मिरवणूक निघाली. न्यूझीलंडच्या आरमारात हा शिधा १९९० पर्यंत चालू होता.