पावसात वजनकाटा का भरकटतो?

प्रश्न : कळंबोलीच्या लोखंड बाजारात आमचा ट्रकचा वजनकाटा आहे. पावसाळ्यात प्लॅटफॉर्मला वेल्डिंग केलं, तेव्हापासून रिकाम्या काट्यावरही आकडा हलतो. मेकॅनिक म्हणतो, शून्य करून वापरा. चालेल का?
— एक वाचक, पनवेल

उत्तर : नाही, कृपया तसं करू नका. शून्य केल्याने आकडा तेवढ्यापुरता लपतो, बिघाड तसाच राहतो.

प्लॅटफॉर्मखालच्या लोडसेलमधून, म्हणजे वजन मोजणाऱ्या सेन्सरमधून, येणारा संकेत अगदी क्षीण असतो. २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टच्या सेलला १० व्होल्ट दिले, तर पूर्ण भाराला जेमतेम २० मिलिव्होल्ट मिळतात. जंक्शन बॉक्समध्ये थोडी ओल शिरली तरी वजन बदलतं. म्हणून आधी वीज बंद करून तो बॉक्स उघडा, पाणी, गंज, उंदरांनी कुरतडलेली केबल पाहा. इन्सुलेशन तपासताना इंडिकेटर सोडवा. ५०० व्होल्टचा मेगर सेलला लावू नका, त्याने सेल बाद होऊ शकतो.

वेल्डिंगचा मला जास्त संशय आहे. अर्थिंगचा क्लॅम्प कामाच्या जागेपासून लांब असला की प्रवाह सेलमधून वाट काढतो. पुढच्या वेळी सेल काढूनच वेल्डिंग करा. सेल बदलताना जॅक लावला, तरी प्लॅटफॉर्मखाली भक्कम ठोकळे रचल्याशिवाय कुणालाही आत जाऊ देऊ नका.

मग प्रमाणित वजनं एकेका कोपऱ्यावर ठेवून पाहा. एकच कोपरा वेगळा बोलला, तर दोष तिथेच शोधा. दुरुस्तीत सील तुटलं, तर वैधमापन विभागाकडून फेरपडताळणी घ्यावीच लागते. एरवीही ती दर १२ महिन्यांनी बंधनकारक आहे. तोवर काटा बंद ठेवा, कारण त्यावर दुसऱ्याच्या मालाचे पैसे ठरतात.