पाठांतराचा भूगोल?

प्रश्न : मुलीने अकरावी कला शाखेत भूगोल घेतला आहे. पाठांतर करूनही उत्तरे जमत नाहीत. काय करावे?
– एक पालक, सिडको, नाशिक

उत्तर : पुस्तक थोडे बाजूला ठेवा आणि जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर लावा. इगतपुरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, येवल्यात ५०० च्या आसपास. असे का, हे तिने सह्याद्री आणि नैर्ऋत्य मोसमी वारे दाखवत तुम्हाला समजावले, की पर्जन्यछाया वेगळी पाठ करावी लागत नाही. अकरावीतील विदारण आणि झीज वाचताना एकदा ब्रह्मगिरी चढा. लाव्ह्याच्या थरांचा पायऱ्यांसारखा उतार डोळ्यांनी दिसतो, आणि तिथेच उगम पावणारी गोदावरी १४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला का मिळते, हा प्रश्न आपोआप पडतो. बारावीत भर मानवी भूगोलावर आहे. त्यासाठी लासलगावचा कांदा बाजार आणि सातपूरची औद्योगिक वसाहत ही उदाहरणे उत्तरात खुशाल लिहावीत. गाइडमधल्या घासून गुळगुळीत झालेल्या उदाहरणांपेक्षा ती बरी! प्रात्यक्षिकाची वही मात्र रोजच्या रोज. समोच्चरेषा आदल्या रात्री जमत नाहीत.