आधी वायर चालून ये

यवतमाळ,
14 जून

चि. बाळू यास मामाचे अनेक आशीर्वाद.

काल तुझी आई फोनवर सांगत होती, दारव्ह्याच्या सेवा केंद्रात तू राउटरच्या मागच्या भोकात पिन खुपसलीस आणि पुढे दोन तास सगळं ठप्प. बाहेर उत्पन्नाच्या, जातीच्या दाखल्यांची रांग. अरे, त्या भोकात पिन दाबून धरली की राउटर कोरा होतो; इंटरनेटवाल्याने दिलेलं युजरनेम, पासवर्ड, सगळं पुसलं जातं. बंद करून चालू करणं वेगळं आणि रीसेट वेगळं. रागावत नाही. मीही हे करून बसलोय, फक्त तेव्हा रांग लहान होती.

तुझी खोड माझीच आहे म्हणून लिहितो. आपण सरळ यंत्राला हात घालतो. वणीकडच्या एका जिनिंगमध्ये ऐन हंगामात मला बोलावलं होतं. वजनकाट्यावरच्या कॉम्प्युटरचं ऑफिसशी असलेलं कनेक्शन तुटायचं आणि कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर खोळंबायच्या. मी कार्ड बदललं, स्विच बदलला, विंडोज नव्याने टाकली. तीन दिवस गेले. रात्री सगळं छान चालायचं, सकाळी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी काट्यावरचा म्हातारा म्हणाला, "साहेब, जिन सुरू झाली का हे मरते." हे तो पहिल्या दिवशीच सांगू शकला असता, मी विचारलंच नव्हतं.

मग मी वायरीबरोबर पायी चालत निघालो. काटा ते ऑफिस माझी पावलं दीडशेच्या वर भरली. नेटवर्कची तांब्याची वायर एका दमात 100 मीटरपर्यंतच धरायची. मध्ये कुणीतरी वायर जोडून वर काळी टेप गुंडाळली होती. आणि कळस म्हणजे, जिनच्या मोटारींची थ्री फेज केबल ज्या पाइपातून नेली होती त्यातच आपली वायर कोंबलेली. मोटारी फिरल्या की त्यांचा गोंधळ आपल्या वायरीत उतरायचा. दोन्ही टोकांना कन्व्हर्टर लावून मध्ये फायबर ओढली. काचेला मोटारीचं काही देणंघेणं नसतं.

तेव्हापासून बॅग उघडण्याआधी मी विचारतो: कधीपासून? किती वाजता? सगळ्यांचं बंद की एकाचंच? त्याआधी इथे काय नवीन आणलं, काय हलवलं? यातला शेवटचा प्रश्न आपल्या विदर्भात फार कामाचा. एप्रिल-मेमध्ये "वायफाय अचानक गेलं" अशा तक्रारी येतात, तिथे आधी कूलर शोध. लोखंडी पत्रा, पोटात पाण्याची टाकी, भिजलेल्या ताट्या, आणि साहेबांनी राउटर नेमका त्याच्या मागे खिडकीत ठेवलेला. पत्रा लहरी परतवतो आणि पाणी उरलेल्या पिऊन टाकतं. राउटर उचलून समोरच्या भिंतीवर लाव. टिनाखाली, छताला चिकटवून मात्र नको. आपल्या उन्हात तो भाजून निघतो.

वायफायचं दुखणं की लाइनचं, हे ठरवायला लॅपटॉप वायरीने थेट राउटरला जोड. वायरीवर चाललं तर अर्धं घर झाडून झालं. मग वायफायचा चॅनल बघ, 2.4 गिगाहर्ट्झवर 1, 6 आणि 11 हेच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. बाजारपेठेत सगळी दुकानं 6 वर बसलेली असतात.

वायरीवरही बंद असेल तर पिंग टप्प्याटप्प्याने मार: आधी राउटर, मग बाहेरचा 8.8.8.8, मग एखादं नाव. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला नाही, तर दोष डीएनएसचा. मशीनचा पत्ता 169.254 ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि वहीत लिही, नाहीतर कशाने बरं झालं ते तुलाच कळणार नाही.

ग्रामपंचायतीत भारतनेटची पेटी असेल आणि तिच्यावर लाल दिवा लागला असेल, तर उजेड तिथवर पोचतच नाहीये. कपाटामागे फायबर मुडपली आहे का तेवढं पाहा. नसेल तर बहुधा रस्त्याच्या कामात जेसीबीने तोडली. तक्रार नोंदव आणि गावकऱ्यांना खरं सांग. फायबरच्या टोकात डोळा घालून बघू नकोस, तो उजेड दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो.

आता मृग लागलाय. दोन इमारतींच्या मध्ये तांब्याची वायर लोंबकळताना दिसली तर मालकाला आजच सांग. वीज जवळपास पडली तरी दोन्हीकडचे पोर्ट जळतात.

माझी क्रिम्पिंगची जुनी पक्कड आईबरोबर पाठवतोय. डाव्या बाजूला तिचा दाब कमी बसतो, म्हणून प्रत्येक टोक दोनदा दाब. वायरींच्या रंगांचा क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. शेवटची तपकिरी जोडी नीट बसली नाही तरी नेट चालतं, पण 1000 ऐवजी 100 वर. गिऱ्हाईक "स्लो आहे" म्हणत राहतं आणि आपण राउटरला शिव्या देतो. टेस्टर मात्र तुझ्या पगारातून घे.

तुझा,
मामा