घरच्या सुरीसाठी पोलाद कोणते?

सुरी घरी घडविता येते, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. हौसेने कोणी घडवू लागला, तर पहिला प्रश्न पडतो तो पोलादाचा. याचे उत्तर आपल्या जिल्ह्यात रस्त्याकडेला भाता लावून बसणाऱ्या घिसाड्यापाशी आहे. कोयते, विळे घडविण्यासाठी तो ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचे पोलाद वापरतो. पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोड कामगाराला मजुरी टनावर मिळते. कोयत्याची धार गेली की त्याचा रोज बुडतो. तेव्हा ही निवड अनुभवाने तावून सुलाखून निघाली आहे.

तिच्यामागचे शास्त्र असे. पोलादाला कठीणपणा येतो तो मुख्यतः कार्बनामुळे. साध्या नरम सळईत कार्बन पाव टक्क्याहून कमी. तिचे पाते कितीही तापवून बुडविले तरी धार धरीत नाही. कानशीत तो एक टक्का किंवा अधिक असतो. धार उत्तम येते, परंतु नवशिक्याच्या हातून पाते तडकते. न गंजणारे पोलाद हजार अंशांच्या आसपास नेमके तापवावे लागते. ते घरच्या भट्टीत साधत नाही. कमानपाट्यात कार्बन साधारण 0.5 ते 0.6 टक्के असतो. तो धार धरतो आणि लहानसहान चुकाही सोसतो.

पाटा घेताना बारीक चिरा नाहीत ना, हे पाहावे. लालभडक तापवून राखेत सावकाश निवविला की तो मऊ होतो. मग कानशीने आकार द्यावा. पुढे पाते पुन्हा तापवावे. सुमारे 770 अंशांना त्याला चुंबक चिकटेनासे होते. त्याहून थोडे अधिक तापवून ते कोमट तेलात बुडवावे. आपण ‘पाणी देणे’ म्हणतो खरे, पण पाण्यात हे पोलाद तडकण्याचा संभव असतो. तेल भडकू शकते. म्हणून भांडे लोखंडी असावे, झाकण हाताशी ठेवावे आणि काम उघड्यावर करावे.

आता पाते ठिसूळ झालेले असते. ते घासून चकचकीत करावे व मंद आचेवर पाठीकडून शेकावे. वाळल्या गवतासारखा पिवळा रंग धारेपर्यंत पोचला, म्हणजे सुमारे 220 अंशांना, थांबावे. निळा रंग चढला तर पाते लवचिक होते, पण धार लवकर जाते.

उतावळेपणाला आपण ‘घिसाडघाई’ म्हणतो. ऐरणीवर घाई करावीच लागते, कारण लोखंड निवत असते. रंगाची वाट पाहताना मात्र तोच घिसाडी किती स्वस्थ असतो, हे हौशी विद्यार्थ्याने भट्टी पेटविण्यापूर्वी एकदा त्याच्याजवळ बसून पाहावे.