पत्त्यांचा डाव आणि कोरडे डोळे

संगणकावर तासन्‌तास एकट्याने पत्ते खेळणारे अनेक जण डोळे चुरचुरतात म्हणून माझ्याकडे येतात. हा ‘सॉलिटेअर’ म्हणजे आपला जुना ‘पेशन्स’च. हातातले पत्ते पिसताना नजर इकडेतिकडे फिरे, डोळ्यांना विसावा मिळे. ब्राउझरमध्ये मात्र बटण दाबताच सात ढिगांत २८ पाने मांडून नवा डाव हजर! एरवी मिनिटाला सुमारे १५ वेळा मिटणाऱ्या पापण्या पडद्याकडे एकटक पाहताना बऱ्याच कमी वेळा मिटतात व डोळे कोरडे पडतात. म्हणून दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवर पाहा, पापण्या सावकाश मिटा-उघडा. मनाने कोणतेही थेंब घालू नका. स्टेरॉइडचे थेंब दीर्घकाळ घातल्यास काचबिंदू होऊ शकतो. लाली, वेदना किंवा अंधुकपणा असल्यास तपासणीस विलंब नको.