संगणकातील दप्तराचे सुरक्षित हस्तांतर

ग्रामपंचायतीच्या सचिवाची बदली झाली की दप्तर यादी करून सोपविले जाते. ग्रामसभेचे इतिवृत्त, नमुना ८ ची कर आकारणी नोंदवही डोळ्यांना दिसतात. संगणकातील दप्तर मात्र दिसत नाही, म्हणून ते हरवण्याचा संभव अधिक.

समजा, पेण तालुक्यातील सचिवाची रोहा तालुक्यात बदली झाली. कार्यालयाचा संगणक पेणमध्येच राहणार. विंडोज प्रणालीत प्रत्येक वापरकर्त्याचे खाते म्हणजे स्वतंत्र कुलूपबंद कपाट होय. जुने खाते घाईने काढून टाकल्यास त्यातील कागदही नष्ट होतात. यासाठी पुढील क्रम पाळावा.

प्रथम प्रत : सर्व फायलींची एक प्रत बाह्य डिस्कवर घ्यावी. जुलै २००५ च्या महापुराचा अनुभव रायगड जिल्ह्यास आहे. म्हणून ती डिस्क अन्य सुरक्षित इमारतीत ठेवावी.

नंतर स्थलांतर : संगणक पुन्हा सुरू करून प्रशासकाच्या तिसऱ्या खात्यातून काम करावे, म्हणजे कोणतीही फाइल वापरात राहत नाही. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स व डाउनलोड्स यांतील कार्यालयीन फायलींची नक्कल करावी. त्या मुळातून उचलून हलवू नयेत. खात्याच्या मांडणीच्या लपविलेल्या फायलींना हात लावू नये. त्यांच्या नकलेने नवे खाते बिघडू शकते.

मांडणी : मराठी कळफलक नव्या खात्यात स्वतंत्रपणे जोडावा. जुना टंक एकाच खात्यापुरता बसविला असेल, तर नव्या खात्यात अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. तो सर्व वापरकर्त्यांसाठी बसवावा.

काय देऊ नये : डिजिटल स्वाक्षरी व तिचा पिन व्यक्तिगत असतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार स्वाक्षरीची खासगी किल्ली आपल्या ताब्यात ठेवण्याची जबाबदारी धारकाचीच आहे. ब्राउझरमध्ये साठविलेले परवलीचे शब्दही पुसून टाकावेत. जुन्या खात्याचा परवलीचा शब्द प्रशासकाने बळाने बदलू नये. कूटबद्ध फायली त्यामुळे कायमच्या बंद होऊ शकतात. आवश्यक तो बदल मूळ वापरकर्त्याच्या उपस्थितीतच करावा.

शेवटी पडताळणी : दोन्हीकडील फायलींची संख्या व आकारमान जुळवावे. काही फायली नव्या खात्यातून उघडून, त्यांत बदल करून, जतन करून पाहाव्यात. लेखापरीक्षण होईपर्यंत जुने खाते काढून न टाकता केवळ बंद ठेवावे.

या पडताळणीची नोंद कार्यभार अहवालात करून उभयतांनी सही करावी. रोह्यात रुजू होताना त्याच सचिवाने हीच यादी मागून घ्यावी. करदात्याच्या घराची नोंद बदलीच्या गडबडीत हरवू नये, हाच या साऱ्या दक्षतेचा हेतू आहे.