ढेकणांची लाज धरू नका, घरमालकाला वेळेत सांगा

मध्यंतरी दवाखान्यात एक मुलगी आली. स्पर्धा परीक्षेची तयारी करते, पुण्यात पेठेतल्या एका जुन्या इमारतीत कॉट बेसिसवर राहते. दोन्ही हातांवर आणि मानेवर लाल गांधी उठल्या होत्या, तीन-तीन, चार-चार एका ओळीत. "पित्त उठलंय बहुतेक," म्हणाली. झोप कशी आहे, असं विचारलं आणि तिचे डोळे भरून आले. पंधरा दिवस ती दिवा चालू ठेवून खुर्चीवर बसून झोपत होती. दार लोटलेलं आहे ना ते पाहून हळूच म्हणाली, "मॅडम, खोलीत ढेकूण झालेत. घरमालकीण काकूंना सांगितलं तर म्हणतील, तूच गावाहून आणलेस. खोली सोडायला लावतील."

वाचकहो, ही भीती मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट सांगते. ढेकूण होणं म्हणजे तुम्ही अस्वच्छ राहता असं नव्हे. ढेकणाला कचरा लागत नाही, माणसाचं रक्त लागतं. प्रवासातली बॅग, जुनी विकत घेतलेली गादी किंवा सोफा, शेजारच्या खोलीची भिंत, वायरिंगचा पाइप, यातल्या कुठल्याही वाटेनं तो येतो. लख्ख पुसलेल्या घरातही येतो. लाजेनं गप्प बसलात, तर त्याला वाढायला वेळ मिळतो. एक मादी दिवसाला एक ते पाच अंडी घालते, ती साधारण आठवडा-दहा दिवसांत फुटतात.

चावा ढेकणाचाच का?

ढेकूण बहुधा पहाटेच्या सुमारास चावतो. चावताना कळत नाही. सकाळी उघड्या अंगावर, म्हणजे हात, मान, चेहरा, पाय इथे खाजणाऱ्या गांधी दिसतात. काहींच्या अंगावर त्या दोन आठवड्यांनीही उठतात, काहींच्या उठतच नाहीत. त्यामुळे "माझ्या रूममेटला काहीच होत नाही, मग मलाच कसं?" या प्रश्नात अर्थ नाही.

रात्री खाज वाढते ती खरजेतही. पण खरूज बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती, कमरेला, जांघेत जास्त असते. तिचं औषध वेगळं आहे आणि ते सोबत राहणाऱ्या सगळ्यांनी एकदमच घ्यावं लागतं. म्हणून शंका असेल तर अंदाज न बांधता डॉक्टरांना दाखवा.

ढेकूण माणसामाणसांत रोग पसरवतो असं आजवर दिसलेलं नाही, एवढा दिलासा नक्की आहे. त्रास होतो तो खाजेचा, खाजवून झालेल्या जखमा पिकण्याचा आणि झोपमोडीचा. झोपेचं नुकसान मी हलकं मानत नाही. रात्र-रात्र जागलेल्या मुलांचा अभ्यास मागे पडतो, चिडचिड वाढते, ढेकूण गेल्यावरही अंगावर काहीतरी चालतंय असं वाटत राहतं. असं झालं तर तेही डॉक्टरांना सांगा.

चाव्यांवर काय करावं?

साबण-पाण्यानं धुवा, थंड पाण्याची घडी ठेवा, कॅलामाइन लावा, नखं कापा. खाज फार असेल तर डॉक्टरांना विचारून रात्री सेटिरिझिनसारखी गोळी घेता येते. गांधी बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत जातात. मेडिकलमधून कुणी 'खाजेची ट्यूब' दिली तर ती तशीच चोळू नका. अशा अनेक ट्यूबमध्ये तीव्र स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. त्यानं कातडी पातळ होते आणि नायटा असेल तर तो दबून पसरत जातो. जखमेत पू झाला, लाली पसरू लागली किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास लागला, तर थेट रुग्णालय गाठा.

आधी पुरावा, मग बोलणं

घरमालकाशी बोलण्याआधी खात्री करा. मध्यरात्रीनंतर टॉर्च घेऊन गादीची शिवण, पलंगाचे सांधे, स्क्रूची भोकं, प्लायवूडच्या फटी, पडद्याच्या चुण्या आणि कॅलेंडरमागची भिंत पाहा. मोठा ढेकूण मसुराच्या डाळीएवढा, चपटा, तांबूस-तपकिरी असतो. तो दिसला नाही तरी खुणा सापडतात. शाईचं टोक टेकवल्यासारखे काळे ठिपके ही त्याची विष्ठा. ओल्या कापडानं पुसलं तर ते तांबूस पसरतात. कात टाकलेली पातळ सालंही दिसतात. माझ्या पेशंटनं पलंगाच्या सांध्यातला ढेकूण पारदर्शक चिकटपट्टीवर घेतला, पट्टी पांढऱ्या कागदावर चिकटवली, खाली तारीख लिहिली आणि फोटो काढले. इतका पुरावा पुरतो.

मग एकट्यानं न बोलता खोलीतल्या सगळ्यांनी मिळून बोला. तोंडी सांगाच, पण व्हॉट्सॲपवर लेखीही पाठवा. आम्ही दोघींनी दवाखान्यात बसून लिहिलेला मजकूर असा होता:

"काकू, नमस्कार. खोलीतल्या लाकडी पलंगाच्या फटीत काल रात्री ढेकूण सापडले. फोटो पाठवतेय. आम्हा तिघींनाही चावे आहेत. ते भिंतीतून पसरतात, म्हणून शेजारच्या खोल्याही बघून घ्याव्या लागतील. या आठवड्यात पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावू या का? दिवस कळवा, सामान आवरून खोली रिकामी करून देण्याची तयारी आम्ही करतो."

यात कुणावर आरोप नाही. कुणी आणले, या वादात कुणीच जिंकत नाही, कारण ते सिद्ध करणं जवळपास अशक्य असतं. इलाज कधी आणि किती खोल्यांत, एवढ्यावर बोलणं टिकवा.

टाळाटाळ झाली तर करारनामा काढून वाचा. पेस्ट कंट्रोल कोणाकडे, पलंग-गादी कोणाची, हे त्यात पाहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार जागा राहण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. मात्र त्यात ढेकणांचा उल्लेख नाही, शिवाय अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार आणि भाडेकरार या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून भाड्यातून परस्पर पैसे कापण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते.

फवारणी कशी करून घ्यावी?

पेस्ट कंट्रोलवाल्याकडे कीटकनाशक वापरण्याचा परवाना आहे का, हे विचारा आणि औषधाचं नाव लिहून घ्या. दोन्ही बाजूच्या, वरच्या आणि खालच्या खोल्या तपासायला लावा. एका फवारणीवर थांबू नका. बहुतेक औषधांनी अंडी मरत नाहीत, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी दुसरी फवारणी लागतेच. घरात बाळ, गरोदर बाई, दम्याचा पेशंट असेल तर आधी सांगा आणि किती तास बाहेर राहायचं ते विचारून तेवढं पाळा.

तोपर्यंत उष्णता तुमच्या हातात आहे. पन्नास अंशांच्या पुढे ढेकूण आणि अंडी, दोन्ही मरतात. चादरी, अभ्रे, कपडे कडक गरम पाण्यात धुवा, शिवणींवरून गरम इस्त्री फिरवा. लोखंडी खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतण्याची आजीची पद्धत खरंच उपयोगी आहे, फक्त विजेच्या बोर्डापासून लांब. गादी उन्हात टाकण्यानं थोडी मदत होते, पण ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका. दुसऱ्या खोलीत झोपायला जाऊ नका, ते मागोमाग येतात. गावी जाताना बॅग रिकामी करून तपासा. गादी फेकायचीच असेल तर ती फाडून टाका, नाहीतर कुणी गरजू ती उचलून घरी नेईल.

एक कळकळीची विनंती

धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या खोलीत कधीही ठेवू नका आणि दुसऱ्या कुणाला ठेवू देऊ नका. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्यांतून हवेतल्या दमटपणानं फॉस्फिन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. तो फटींतून शेजारच्या खोलीत जातो आणि झोपलेली माणसं दगावतात. अशा खोलीत किंवा शेजारी उलट्या, छातीत जडपणा, धाप असं काही झालं तर तत्काळ मोकळ्या हवेत या आणि १०८ ला फोन करा. रॉकेल शिंपडू नका, आग लागते. दुकानातला स्प्रे रोज रोज मारू नका. नेहमीच्या औषधांना अनेक ठिकाणचे ढेकूण आता दाद देत नाहीत, उलट ते पांगतात आणि औषध तुमच्या छातीत जातं.

घरमालकांनाही दोन शब्द. जो भाडेकरू लवकर सांगतो तो तुमची इमारत वाचवतो. एका खोलीचा खर्च आज टाळलात तर उद्या मजलाभर करावा लागेल. सांगणाऱ्याला खोली सोडायला लावलीत तर पुढचा कुणी सांगणार नाही.

त्या मुलीनं मेसेज पाठवला. काकू आधी रागावल्या, मग फोटो पाहून स्वतः वर आल्या. शेजारची खोली उघडली तर तिथेही तेच. तिथल्या दोघी दोन महिने चावे सोसत गप्प होत्या, कारण त्यांनाही वाटत होतं की ढेकूण आपणच आणले. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एकच लाज होती. दोन्ही खोल्यांत दोन वेळा फवारणी झाली. परवा ती तपासायला आली तेव्हा हात स्वच्छ होते. दिवा बंद करून झोपते, म्हणाली.

तुमच्या अंगावर अशा गांधी असतील तर आज रात्री टॉर्च घेऊन गादीची शिवण पाहा. काही सापडलं तर उद्या सकाळी घरमालकाला कळवा आणि शेजारच्या खोलीचं दारही वाजवा.